दोन खुणा जास्त

४ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

आधी उत्तर द्या, मग हसा. उलट केलंत तर उत्तर यायला महिना लागेल, आणि तेवढा वेळ माझ्याकडे नाही.

फोन केला असता, पण घरात दोन खोल्या आहेत आणि दोन्हींत बाबा आहेत. शिवाय तुम्ही फोनवर बोलता तेव्हा ज्याच्या हातात फोन नाही त्यालाही सगळं ऐकू येतं. म्हणून पत्र. उत्तर घरी पाठवू नका, माझ्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत पाठवा. मी तुम्हाला विचारलं हे बाबांना कळता कामा नये. तुम्ही मैदानांवर लाउडस्पीकर लावणारे, ते चित्रपटगृहात मशीन चालवणारे. ते तुम्हाला ‘भोंगा’ म्हणतात, तुम्ही त्यांच्या आवाजाला ‘डबीतला आवाज’ म्हणता. आई म्हणते, ही दोघांची करमणूक आहे. पण भोंग्याचा सल्ला घेतला हे कळलं तर ते करमणुकीत निभावणार नाही.

तर झालंय असं. हॉल बंद झाल्यापासून बाबा खिडकीशी बसून असायचे. जेवायला हाक मारली की यायचे, जेवून परत खिडकीशी. बोलणं ‘हो’ आणि ‘नको’ एवढंच. मग हॉलचं सामान निघालं, तेव्हा मालकांनी त्यांना भिंतीवरचे सहा स्पीकर दिले. ते घरात आले आणि बाबा उठले. भिंती मोजल्या, पट्ट्या कापल्या, आईला शिडी धरायला लावली आणि धरता येत नाही म्हणून तिला ओरडलेसुद्धा. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच ओरडले म्हणून आई आत जाऊन रडली, आनंदानं. आता दर रविवारी संध्याकाळी समोरच्या खोलीत चित्रपट असतो. बाबा, आई, मी आणि धाकटी.

अडचण आवाजाची आहे. सहाही स्पीकर आपल्या जुन्या रेडिओच्या ॲम्प्लिफायरवर जोडलेत. मोठा प्रसंग आला की आवाज फाटतो. सहाव्या स्पीकरमधून आता नुसतं घुमल्यासारखं येतं, बारीक आवाज गेलाच. खाली पाववाले राहतात. ते पहाटेच्या आधी भट्टीवर जातात, म्हणून संध्याकाळीच झोपतात. त्यांनी तक्रार केली, मग परत केली. शेवटी घरमालकीणबाईंनी सांगितलं, “मार्च संपताना मी स्वतः तुमच्याकडे येऊन बसते. चित्रपट लावा. त्या दिवशी खालून तक्रार आली तर स्पीकर उतरवायचे, आणि परत चढवायचे नाहीत.”

स्पीकर उतरले तर बाबा परत खिडकीशी. ते मी होऊ देणार नाही.

नवा ॲम्प्लिफायर घ्यायचा आहे. स्पीकरच्या मागे साठ वॅट लिहिलंय. दुकानदार म्हणतो शंभर वॅटचा घ्या. साठ लिहिलेल्याला शंभर द्यायचे? मी दिवसभर पाण्यातलं क्लोरीन मोजते. थोडं जास्त पडलं की ते पाणी पिण्याचं राहत नाही. मला वाटतं तीस वॅटचा घ्यावा, म्हणजे काही बिघडायला नको. पण मला वाटतं म्हणजे काय? घरात पदवी पहिल्यांदा माझ्याच हातात आली, तेव्हापासून फ्यूज उडाला तरी सगळे माझ्याकडे बघतात. “तू शिकलेली, तू ठरव.” मी काय शिकले ते कुणी विचारत नाही.

तुमची भाची

११ फेब्रुवारी

शंकाबाई,

हसलो नाही. मामीला विचार. फक्त ‘दोन्हींत बाबा आहेत’ तिथं थोडा हसलो, आणि ताई शिडी धरतेय तिथं थोडा जास्त.

आता ऐक. आधी डोक्यातलं क्लोरीन बाहेर काढ. वॅट म्हणजे स्पीकरच्या घशात ओतायचं औषध नव्हे. शंभर वॅटचा ॲम्प्लिफायर बसल्या बसल्या शंभर वॅट ओतत नसतो. बटण जेवढं फिरवशील तेवढंच तो देतो, बाकीची ताकद हाताशी राखून ठेवतो. ती कधी लागते? चित्रपटात दार धाडकन आपटलं की तेवढ्यापुरती.

छाती लहान असलेल्या माणसाला वरचा सूर लावायला सांग. काय होईल? आवाज फाटेल. तुमच्या रेडिओवाल्याचं तेच झालंय. आणि ह्या फाटलेल्या आवाजाला एक धार असते. ती सगळी धार जाते स्पीकरमधल्या छोट्या पडद्यावर, जो बारीक आवाज काढतो, आम्ही त्याला ट्वीटर म्हणतो. तो बिचारा नाजूक. जळतो. तुझा सहावा स्पीकर जास्त खाऊन गेलेला नाही, पोरी. अर्धपोटी ॲम्प्लिफायरनं त्याला मारलंय. त्यात एकाच्या पाठीवर सहा जणांना बसवलंत. आता तू तीस वॅटचा घेतलास तर उरलेले पाचही त्याच वाटेनं जातील.

म्हणून मोठा घे. माझं आयुष्यभराचं शास्त्र एवढंच, मोठा घे. आणि घेतेस तरी कशाला? माझ्याकडे एक हत्ती पडून आहे. मैदानावर त्यानं हजारो माणसांना गप्प बसवलंय. चांगला चालतो. पंखा थोडा गुरगुरतो, पण हत्ती म्हटल्यावर एवढं चालायचंच. पाठवून देतो.

दाजींना म्हण, प्रयोगशाळेत मिळाला.

मामा

२० फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

ट्वीटरचं समजलं. दोनदा वाचलं आणि रेडिओचा ॲम्प्लिफायर त्याच आठवड्यात बंद करून टाकला. बाबांना म्हटलं, शॉर्ट होतोय. खोटं बोलले, पण पाच स्पीकर वाचले. तीस वॅटचा विचार सोडला.

हत्ती मात्र पाठवू नका. मी मनाला वाटलं म्हणून सांगत नाही, मोजून सांगते. आमच्या पंपाच्या खोलीत आवाज मोजायचं मीटर असतं. साहेबांकडे अर्ज करून ते दोन दिवस घरी आणलं. साहेब म्हणाले, “चित्रपट बघायला मीटर लागतं हे आजच कळलं.” सही केली पण.

स्पीकरच्या मागच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, एका वॅटला एका मीटरवर त्यातून किती आवाज निघतो. तिथून आमच्या खुर्च्या किती लांब, अंतरानं आवाज किती उतरतो, हे सगळं मांडलं. हे हॉलचे स्पीकर फार कमी ताकदीत बोलतात, मामा. आम्हा तिघींना संवाद स्वच्छ कळायला त्यांना दोन-तीन वॅट पुरतात. दार धाडकन आपटलं तरी वीस-तीस. आणि दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज नाही, कानाला जेमतेम जाणवेल एवढाच फरक. म्हणजे तुमचा हत्ती आमच्याकडे दिवसभर नुसता उभा राहील आणि गुरगुरेल. त्यातून त्याला दोनच स्पीकर जोडता येतात. मला पाचांना पाच वेगळ्या वाटा हव्यात.

दुकानात परत गेले. एका खोक्यावर पाचशे वॅट लिहिलंय. आतलं माहितीपत्रक मागितलं तर दुकानदार म्हणाला, “ताई, आजवर कुणी मागितलं नाही.” पाचशे ही पाचांची बेरीज निघाली, तीही क्षणभराची, आणि तीही एकावेळी एकच स्पीकर चालवून काढलेली. शेजारी एक साधा होता. पाचही एकदम चालू असताना प्रत्येकी सत्तर, तासन्‌तास. खोक्यावरचा आकडा लहान म्हणून तो कुणी नेत नाही. माझ्या हिशोबानं तोच आमचा. लागणाऱ्यापेक्षा बरीच ताकद शिल्लक राहते, आवाज फाटण्याची वेळच येणार नाही.

पण तो मी अजून घेतला नाही. कारण मोजताना दुसरंच दिसलं. बंद करायच्या आधी एकदा बाबांना त्यांच्या पद्धतीनं आवाज लावू दिला आणि मीटर बघितलं. काटा आमच्या पंपाच्या खोलीजवळ गेला. आम्हाला पुरतो त्याच्या कितीतरी वर. आई कानाला पदर लावून बसते ते मला वाटायचं सवयीनं.

मामा, बाबांना ऐकू येत नाही. दुसरा अर्थ मला लागत नाही. कमी ताकदीचा घेतला तर ते तो फाडणार, जास्त ताकदीचा घेतला तर पाववाल्यांना उठवणार. त्यांना जेवढा आवाज लागतो तेवढ्यात आमचं घर बसत नाही. आईला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

तुमची भाची

२६ फेब्रुवारी

शंकाबाई,

पत्र वाचून गप्प बसलो. मामीला वाटलं माझी तब्येत बिघडली.

तुझं बरोबर असणार. आयुष्यभर त्या घरघरणाऱ्या मशीनच्या खोलीत राहिलेला माणूस, कान जाणारच. माझेही थोडे गेलेत, म्हणून तर मी ओरडतो. तर आता मोठ्या माणसाचं ऐक आणि हा खटाटोप सोड. दाजींना डोक्यावर लावायचे हेडफोन घेऊन दे. त्यांना हवा तेवढा आवाज त्यांच्या कानात, तुम्हाला हवा तेवढा टीव्हीतून. पाववाला झोपेल, मालकीण खूश. स्पीकर राहतील भिंतीवर शोभेला. सगळ्यांनाच शेवटी असं काहीतरी शोभेला ठेवावं लागतं.

आणि हो, हत्ती निघाला. तुझं पत्र यायच्या आधीच ट्रकवर चढवला होता. आता आलाच आहे तर ठेवून घे. दोन वाटा तर दोन वाटा.

मामा

९ मार्च

मामा, नमस्कार.

हत्ती आला. रविवारी सकाळी, बाबा घरात असताना. दोन हमाल जिन्याच्या वळणावर अडकले. एक म्हणत होता आडवा कर, दुसरा म्हणत होता उभा कर, आणि मालकीणबाई खालून बघत होत्या. पेटीवर तुमच्या दुकानाचं नाव, वीतभर अक्षरात, लाल रंगात. प्रयोगशाळेत असं काही मिळत नाही हे बाबांनाही माहीत आहे.

“भोंग्याला विचारलंस?”

“हो.”

“काय विचारलंस?”

मला खोटं सुचत नव्हतं. रेडिओबद्दलचं एकच बोलले होते, तेवढंही अजून पचलेलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. वॅट, मीटर, सत्तर, आणि शेवटी कानाचं. त्यांनी हमालांना पाणी दिलं, पेटी परत खाली नेऊन ट्रकमध्ये ठेवायला सांगितली. मग चप्पल घालत म्हणाले, “चल. कुठे तपासतात कान? पण तूही तपासून घ्यायचेस. मला एकट्याला बहिरा ठरवायचा नाही.”

तपासलं. बाबांचे कान उत्तम आहेत. वयाच्या मानानं अगदी बारीक सूर थोडे कमी, बाकी काही नाही. माझा डावा कान त्यांच्यापेक्षा कच्चा निघाला, पंपाच्या खोलीमुळे. तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, “वडिलांना घेऊन तुम्ही आलात की तुम्हाला घेऊन वडील?” परत येताना बाबा रस्ताभर हसत होते. हॉल बंद झाल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, म्हणून कच्च्या कानाचं मला काही वाटलं नाही.

पण मग मीटर? मी सोडलं नाही. साहेबांकडून मीटर परत मागून आणलं, रेडिओ अगदी हळू आवाजात जोडला, आणि म्हटलं, “बाबा, तुम्ही आवाज कसा लावता ते मला दाखवा. पहिल्यापासून.”

त्यांनी दाखवलं. चित्रपट लावायचा, खोलीत कुणाला बसू द्यायचं नाही. मागे जायचं, आमच्याकडे मागे म्हणजे स्वयंपाकाचं दार. तिथून ऐकायचं, पुढे येऊन बटण सारखं करायचं. त्यांनी जिथं थांबवलं तिथं मीटर अगदी माझ्या हिशोबावर होतं, मामा. काटासुद्धा हलला नाही. आणि मग त्यांनी बटण दोन खुणा वर नेलं.

“हे का?”

“हॉल भरल्यावर आवाज बसतो,” ते म्हणाले. मला काहीच कळत नसल्यासारखं. “माणसं आवाज पितात. कपडे पितात, अंगं पितात. रिकाम्या हॉलमध्ये बरोबर वाटला तो भरल्या हॉलमध्ये कमी पडतो. म्हणून रिकाम्यात लावायचा आणि दोन खुणा जास्त ठेवायचा. मी नवा असल्यापासून हेच करतोय.”

मी म्हटलं, “आपण चार माणसं आहोत, बाबा.”

“मला मोजता येतं.”

मी मीटर खाली ठेवलं. मग तेच बोलायला लागले. म्हणाले, शेवटची काही वर्षं हॉलमध्ये दहा-बारा डोकी असायची. दारावरचा माणूस येऊन सांगायचा, आज एवढेच. आवाज खाली घ्यायला हवा होता. प्रेक्षक कान धरायचे, मालक ओरडायचे. तरी त्यांनी एकदाही खाली घेतला नाही. “घेतला असता तर मीच कबूल केल्यासारखं झालं असतं, की आता कुणी यायचं नाही.”

एवढं बोलून ते भिंतीच्या पट्ट्या पुसायला लागले.

मामा, मी कान तपासत बसले. हेडफोनचा विचार सोडून द्या. स्पीकर शोभेला राहणार नाहीत. सत्तरवाला मी उद्या घेते आहे.

तुमची भाची

१५ मार्च

शंकाबाई,

हत्ती परत पोचला. एक कान मोडलाय, म्हणजे हँडल. दाजींनी पेटीत चिठ्ठी टाकली होती, “जागेअभावी परत. आवाज तपासला नाही, अंदाज आहे.” फ्रेम करून दुकानात लावणार आहे.

बाकीचं तू लिहिलंस ते मामीला मोठ्यानं वाचून दाखवत होतो. मध्येच थांबलो. मामी म्हणाली, पुढे? म्हटलं, पुढचं तूच वाच. मैदानावर माणसं यायच्या आधी मीही भोंगा तोंड वर करून जोरात लावतो, रिकाम्या मैदानाला. कुणी विचारलं तर सांगतो, लांबच्यांना बोलावतोय. दाजींना हे सांगू नकोस.

वॅटच्या बाबतीत तू जिंकलीस. लहान खोलीचं गणित मला येत नाही, मी कधी लहान खोलीत आवाज लावलाच नाही. सत्तर घे.

पण एक काम कर, ऐक. नव्या ॲम्प्लिफायरला आतून मर्यादा घालता येते. अमुकच्या वर बटण कितीही फिरवलं तरी आवाज जात नाही. दाजींच्या नकळत ती घालून ठेव. ते दोन खुणा फिरवतील, त्यांचं समाधान. आवाज वाढणार नाही, पाववाल्याचं समाधान. मालकीण येईल त्या दिवशी धोका पत्करू नकोस. सगळं त्या एका संध्याकाळवर आहे.

मामा

१ एप्रिल

मामा, नमस्कार.

मर्यादा घातली नाही. माहितीपत्रकात ते पान सापडलं, कुठलं बटण दाबून धरायचं तेही सापडलं. एकदा हात तिथपर्यंत नेला. पण ज्या माणसाला मीटरशिवाय काट्यावर आवाज लावता येतो त्याच्या बटणाला मी आतून कुलूप घालणार नाही. स्पीकर राहिले असते आणि बाबांना एक दिवस कळलं असतं. मग ते खिडकीशीसुद्धा बसले नसते.

मी त्यांना तोंडावर सांगितलं. “बाबा, हा तुम्ही मागाल तेवढा देईल. फाटणार नाही, थकणार नाही. म्हणजे आता अडवणारं कुणी नाही. किती मागायचं ते तुम्हीच ठरवायचं.” ते “हं” म्हणाले. मला रात्रभर त्या ‘हं’चा अर्थ लागला नाही.

काल संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखा रिकाम्या खोलीत आवाज लावला. स्वयंपाकाच्या दारातून ऐकलं, बटण सारखं केलं, आणि दोन खुणा वर नेलं. मी आतून बघत होते. आई माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली, म्हटलं काही बोलू नकोस.

मालकीणबाई आल्या. खुर्ची दाराजवळ घेतली, पर्स मांडीवर, उठायच्या तयारीत. आई आणि धाकटी पलंगावर, मी खाली. बाबा रिमोट घेऊन उभे होते. सुरू करायचं सोडून ते आमच्याकडे वळले आणि एकेकाकडे बघायला लागले. मालकीणबाई, आई, धाकटी, मी. मालकीणबाई म्हणाल्या, “काय राहिलं?” बाबा म्हणाले, “माणसं बसल्यावर एकदा बघून घ्यावं लागतं.” हे ते पहिल्यांदाच करत होते, आणि सांगितलं मात्र असं की जणू कायमची पद्धत.

मग त्यांनी बटण खाली घेतलं. दोन खुणा, आणि त्याहून आणखी थोडं खाली.

मामा, आवाज छोटा होता आणि सगळं ऐकू येत होतं. पात्रं कुजबुजत होती ते कळत होतं. मध्ये गोदाम कोसळायचा प्रसंग आहे. मी आधीच डोळे मिटले. ते कोसळलं, लाकूड लाकडासारखं आणि पत्रा पत्र्यासारखा, कुठेही काही फाटलं नाही. कुणी जिना चढून आलं नाही. मालकीणबाईंना तेच खटकलं. “असं कसं? मी खाली जाऊन बघते,” म्हणाल्या आणि गेल्या. आम्ही चित्रपट थांबवला. खालून कडी वाजवल्याचा आवाज आला, मग परत, मग जोरात. मग पाववाले बोलायला लागले. ते सत्तर वॅटमध्ये मावलं नसतं. आवाजानं जाग आली का असं विचारायला त्यांना गाढ झोपेतून उठवलं होतं. “वरचे गप्प बसले तर आता तुम्ही सुरू झालात का,” एवढंच स्वच्छ ऐकू आलं. धाकटीनं उशी तोंडात धरली.

बाई वर आल्या, बसल्या, पर्स खाली ठेवली. म्हणाल्या, “पुढचं लावा.” शेवटपर्यंत बसल्या. जाताना म्हणाल्या, “राहू देत तुमचे स्पीकर.”

त्या गेल्यावर आईनं अंथरुणं घालायला घेतली. बाबा ॲम्प्लिफायरसमोर उकिडवे बसले होते, बंद न करता. मी म्हटलं, झालं की आता.

“पुढच्या रविवारी कोण आहे?” त्यांनी विचारलं.

“कुणी नाही. आपणच. चौघं.”

त्यांनी खोलीकडे पाहिलं, दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं.

“मग आणखी थोडा कमी लागेल,” म्हणाले, आणि खूण कुठे येते ते बघायला बटणावर वाकले.

तुमची भाची